मिरजेला पाठवायचं कार्ड

मिरजेहून आलेल्या एका पत्राला अप्पाराव दाभाड्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा ते पंचविशीत होते आणि आता सत्तरीला टेकले होते. मधल्या काळात त्यांनी नोकरी केली, लग्न केलं, दोन लेकी वाढवून सासरी पाठवल्या, हर्सूलला तळ्याच्या बाजूला लहानसं घर बांधलं आणि शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून सहायक ग्रंथपाल म्हणून निवृत्तही झाले. एवढं सगळं उरकलं, ते एक उत्तर तेवढं राहून गेलं.

तेव्हा ते पाचोडला राहायचे आणि गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे. घरी चार बँडचा रेडिओ होता. बाजाराच्या दिवशी घरातली माणसं बाहेर पडली की ते शॉर्टवेव्हचा काटा केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवत बसायचे. अशाच एका सकाळी दोन स्टेशनांच्या मधल्या फटीत कुणीतरी साधं घरगुती मराठी बोलताना ऐकू आलं. तो माणूस दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, की वाऱ्यानं माझा एरियलचा बांबू शेजाऱ्याच्या म्हशीवर पडला. म्हशीला काही झालं नाही, पण शेजारी बोलेनासा झालाय. मधूनच तो आपलं नाव-गावही सांगत होता, बाळगोंडा मगदूम, मिरज.

सरकारी रेडिओवर असलं कुणी बोलत नसतं. अप्पारावांनी वाचनालयातली पुस्तकं उलथीपालथी केली, तेव्हा उलगडा झाला. घरात वायरलेस सेट लावून, सरकारचा परवाना काढून, निव्वळ हौसेपोटी दूरदूरच्या लोकांशी बोलणारी अशी माणसं जगभर असतात. त्यांना हॅम म्हणतात. आपला आवाज कुठवर पोचला हे कुणी कळवलं, तर त्यांना फार आनंद होतो. मग अप्पारावांनी आवाज कसा होता, खरखर किती होती आणि म्हशीची हकीकत कुठपर्यंत ऐकू आली हे सगळं नीट लिहून काढलं, आणि वर पत्ता घातला, ‘श्री. बाळगोंडा मगदूम, वायरलेसवाले, मिरज’.

उत्तर आलं. सोबत एक छापील कार्ड होतं आणि त्यावर मगदुमांचं कॉलसाइन, म्हणजे सरकारनं त्यांना दिलेलं हवेतलं नाव, मोठ्या अक्षरांत होतं. पत्र मोजून पाच-सहा ओळींचं. ‘तुमचे कान चांगले आहेत. कान चांगले असले की अर्धा परवाना झाला, उरलेला अर्धा सरकारकडून घ्या. या पत्राला पत्रानं उत्तर देऊ नका. आधी हवेत या, मला गाठा, आणि मग रीतीप्रमाणं कार्ड पाठवा. मी रोज सकाळी असतो. वाट बघतो.’

एवढंच. पण या माणसानं नेमकं तेच मागितलं होतं, जे अप्पारावांना जमणारं नव्हतं. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की त्यांचा घसा मिटायचा. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तो कागदावर लिहून नवरीच्या हातात दिला आणि तिनंच तो वाचून दाखवला. ग्रंथालयात बोलू नये हा नियम पोरांना जाचायचा, अप्पारावांना त्याचा आधार वाटायचा. असल्या माणसानं हवेत जाऊन अनोळखी लोकांना हाका मारायच्या? पुढच्या वर्षी बघू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच ठरवलं. काही वर्षांनी मगदुमांची आठवण आली की शरम वाटायला लागली, आणि आणखी काही वर्षांनी भीती. माणूस वाट बघून बघून गेला असला तर?

म्हणून त्यांनी कधी चौकशीच केली नाही. चौकशी केली नाही, तोवर माणूस जिवंत होता.

*

दाढ दुखली नसती तर हे असंच चाललं असतं. सिडकोत डॉक्टर तनुजा म्हणून एक दातांच्या डॉक्टर होत्या. पस्तिशीच्या आसपासच्या, हसऱ्या, हात हलका. त्यांनी अप्पारावांना खुर्चीत आडवं केलं, हिरडीत सुई टोचली आणि म्हणाल्या, “आता बोलायचं नाही काका. दुखलं तर नुसता हात वर करायचा.”

ही सूचना मनापासून आवडणारे पेशंट थोडे असतात. अप्पाराव निवांत पडून राहिले. जिभेला, ओठांना मुंग्या आल्या. नजर समोरच्या भिंतीवर गेली, तर तिथं दातांच्या चित्रांऐवजी रंगीबेरंगी कार्डांच्या रांगा लावलेल्या होत्या. अर्जेंटिना, जपान, भूज, आणि खालच्या ओळीत एक पिवळट कार्ड.

अप्पारावांनी हात वर केला.

“दुखतंय? अजून तर मी हात पण लावला नाही,” तनुजा म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली आणि कार्डाकडं बोट केलं. ते कॉलसाइन त्यांना झोपेतसुद्धा पाठ होतं. विचारायचं खूप होतं, पण तोंडातून नुसतंच “आँ, आँ” निघालं. शेवटी तनुजांनी औषधाच्या चिठ्ठीचा कागद आणि पेन हातात दिलं. अप्पारावांनी लिहिलं, ‘हे आहेत?’

“मगदूम आजोबा? आहेत की! पंचाऐंशीच्या घरात आहेत. रोज सकाळी असतात चाळीस मीटरवर.” म्हणजे लहरींच्या त्या पट्ट्यावर, हे अप्पारावांना समजलं. “पण आता फक्त मोर्सवर. दात पडल्यापासून बोलायचे बंद झालेत. कवळी बसवून घ्या म्हणून मी त्यांना हवेतूनच सल्ला दिला, तर म्हणाले, टिकटिकीला दात कशाला लागतात? तुम्ही ओळखता त्यांना?”

अप्पारावांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘त्यांचं एक उत्तर देणं आहे.’

दाढ निघाली तरी त्यांना कळलं नाही. घरी येताना रिक्षात एका गालावर कापूस धरून ते हसत होते. बायको रत्नमाला दारातच उभी होती. ती पाचोडकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. आख्ख्या पंचक्रोशीतली पोरं तिनं जगात आणली होती, त्यामुळं तिला आवाज चढवून बोलायची सवय होती.

“आवो, दाढ काढली का लॉटरी लागली? रगत गळतंय अन् हसताय कामून?”

“आहेत,” अप्पाराव सुजलेल्या तोंडानं म्हणाले. “जिवंत आहेत.”

“कोण?”

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी अप्पारावांनी मिरजेच्या पत्राची गोष्ट बायकोला पहिल्यांदा सांगितली. रत्नमालानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मोर्स म्हंजे तोंड उघडायचं नाय ना? नुसतं ठोकायचं?”

“हो.”

“मग तुमच्यासाठीच काढलंय ते. द्या परीक्षा.”

*

परवान्याची परीक्षा देणारे बहुतेक लोक मोर्सला भितात. आखूड टिक आणि लांब टिक यांनी मिळून अक्षर होतं, आणि मिनिटाला आठ शब्दांच्या गतीनं ते ऐकून उतरवायचं आणि पाठवायचं असतं. अप्पाराव एकटेच असे होते, की ज्यांना बोलायचं टाळण्यासाठी मोर्स हवा होता. तनुजा रविवारी दवाखान्यातच मोफत वर्ग घ्यायच्या. इंजिनिअरिंगची चार-दोन पोरं यायची. अप्पाराव मागच्या बाकावर बसायचे. वीज, लहरी, नियम, सगळं त्यांना पुस्तकातून भराभर आलं. पुस्तकातून येणारी गोष्ट त्यांना कधी अडली नव्हती.

मोर्सही त्यांनी पुस्तकातूनच केला. कार्डांवर अक्षरं लिहून खाली टिंबं आणि रेघा काढल्या. लाल शाईनं टिंब, निळ्या शाईनं रेघ. घरभर कार्डं चिकटली, अगदी मोरीच्या दारावरसुद्धा. कुठलंही अक्षर विचारा, त्याची टिंबं-रेघा ते डोळ्यांसमोर आणून सांगायचे. नागपूरच्या केंद्रावर परीक्षेला गेले ते याच भरवशावर.

लेखी पेपर उत्तम गेला. मग कानांत मोर्स सुरू झाला. पहिलं अक्षर आलं. अप्पारावांनी टिंबं मोजली, रेघा मोजल्या, डोळ्यांसमोर कार्ड आणलं, ओळखलं आणि लिहिलं. तोवर पुढची चार अक्षरं निघून गेली होती. पाचवं पकडायला जावं तर नववं चाललेलं. कागदावर शेवटी इतक्या मोकळ्या जागा राहिल्या, की तपासणाऱ्याला काही तपासायलाच उरलं नाही.

परतीच्या गाडीत त्यांना वाटलं, बरंच झालं. आपल्यासारख्यानं या वाटेला जाऊच नये. बाळगोंडा मगदूम जिवंत आहेत, हे कळलं तेवढं पुरे.

तनुजांनी तसं वाटू दिलं नाही. त्या घरी आल्या, मोरीच्या दारावरची कार्डं बघून कपाळाला हात लावला आणि एकेक उपटायला लागल्या.

“काका, तुम्ही मोर्स वाचताय. मोर्स वाचायचा नसतो.”

“मग काय करायचं असतं?” अप्पारावांनी खालच्या आवाजात विचारलं.

“काकूंनी आतून हाक मारली तर तुम्ही अक्षरं मोजता का? आ, वो, मग काना, मात्रा?”

“नाही.”

“मग कसं कळतं त्याच आहेत?”

“आवाजावरून.”

“आणि चिडल्यात का नाही ते?”

“ते पण आवाजावरूनच.”

“ऐकलं का काकू?” तनुजा हसत ओरडल्या. “तसंच आहे हे. हे अक्षर डा-डा-डि-डा असं गातं. त्याचा चेहरा बघायचाच नाही. पेन्सिलीला आजपासून सुट्टी.”

आयुष्यभर डोळ्यांनी शिकलेल्या माणसाला कानांनी शिकायचं म्हणजे चालणं नव्यानं शिकण्यासारखं होतं. आधी शिकलेलं विसरायलाच कितीतरी दिवस गेले. बझर वाजला की डोळ्यांपुढं लाल टिंब नाचायचं. त्यातून सुटका केली ती रत्नमालानं. तिनं तनुजांकडून टी या अक्षराचा आवाज विचारून घेतला होता. एक लांब डा, बस. एके दिवशी अप्पाराव बाहेर वाचत बसले असताना स्वयंपाकघरातून लाटणं पोळपाटावर लांब घासल्याचा आवाज आला. ते काही विचार न करता उठले आणि चहा घ्यायला आत गेले. कप हातात घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण काहीच मोजलं नव्हतं.

“आणखी अर्धा कप मिळेल का?” खुशीत त्यांनी विचारलं.

रत्नमालानं लाटणं उचललं. एकदा घासलं, एकदा टक केलं, मग तीनदा लांबलचक घासलं.

“नो,” अप्पाराव म्हणाले आणि पोट धरून हसले.

पुढं तो खेळच झाला. औषधांच्या बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं तिच्या परिचयाची होती. एकेका अक्षराचा आवाज ती तनुजांना फोन करून विचारायची आणि पोळ्या लाटता लाटता नवऱ्यावर सोडायची. लांबसाठी घासणं, आखूडसाठी टकटक. पोळ्यांचे आकार बिघडले, पण कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्यांदा नागपूरला गेले तेव्हा कानांत मोर्स सुरू झाला आणि अप्पारावांनी डोळे मिटून घेतले. समोर पोळपाट आला. हात आपोआप लिहीत गेला.

“अंकल, सो गए क्या?” परीक्षक तरुण होता, तो जवळ येऊन म्हणाला. “आँखें खोलिए, पेपर पे लिखना है.”

“लिख रहा हूँ,” अप्पाराव डोळे न उघडताच म्हणाले. लिहीत ते खरोखरच होते. एक ओळ तिरकी गेली होती, एवढंच.

ते पास झाले.

*

परवाना हातात येण्याआधी चौकशीला एक पोलीस घरी आला. तरुण पोरगा होता. त्यानं घरभर नजर फिरवली आणि खुर्चीत बसत विचारलं, “काका, या वयात वायरलेस कामून पाहिजे? मोबाइल हाय की तुमच्याकडं.”

अप्पाराव चष्मा पुसायला लागले. “तसं नाही... म्हणजे... बोलायचं नाही. ठोकायचं आहे.”

“कुणाला ठोकायचंय?” पोलिसाची भुवई वर गेली.

रत्नमाला चहा घेऊन पुढं झाली. “भाऊ, ह्यांनी उभ्या जन्मात माशी नाय ठोकली. मिरजेत एक म्हातारं हाय. त्याला टिकटिक करून राम-राम, जयभीम काय असंल ते कळवायचंय. मोबाइलवर ते माझ्याशी बोलत नायत, लोकांशी काय बोलतील?”

पोलीस हसला, चहा प्याला, आणि जाताना दारात थांबून म्हणाला, “काकू, नवरा बोलत नाय म्हंजे लई सुखी हाय तुम्ही.”

“व्हय, पण भांडायला एकटीला किती येळ पुरणार?” रत्नमाला म्हणाली.

परवाना आला. अप्पारावांनी स्वतःचं कॉलसाइन दहा वेळा तरी वाचलं आणि मग डोळे मिटून हलकेच गुणगुणून पाहिलं. तनुजांनी आपला जुना सेट आणून दिला. गच्चीवर तार बांधली. मधोमध टाकीशेजारच्या पाइपावर उंच, तिथून दोन्हीकडं उतरती. एक टोक मागच्या लिंबाला, दुसरं गच्चीच्या कठड्याला. मधल्या सांध्यापासून केबल खाली खोलीत आली. “झालं,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी आजोबांना गाठा.”

उद्याची सकाळ झाली. अप्पाराव सेटपुढं बसले, काटा मगदुमांच्या जागेवर लावला, आणि ऐकू आलं. ते कॉलसाइन! जुन्या माणसाचा हात, संथ, स्वच्छ, जरासा झुलणारा. कुणी आहे का, अशी हाक मारत होता. अप्पारावांनी ठोकायच्या चावीवर बोट ठेवलं.

बोट खाली गेलं नाही.

तोंड उघडायचं नसलं तरी बोलायचं होतंच, हे त्यांना त्या क्षणी समजलं. म्हाताऱ्यानं दोन-तीन हाका मारल्या, मग बंगळूरच्या कुणीतरी त्याला उत्तर दिलं आणि दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. अप्पाराव नुसतं ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उद्या नक्की, असं ते रोज ठरवायचे. ठरवण्याची त्यांना सवय होती.

आणि मग एका सकाळी मगदूम आले नाहीत.

काटा तिथंच होता, सेट चालू होता, नुसती बारीक सळसळ. बरं नसेल, असं अप्पाराव स्वतःशी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही सळसळ. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाश्त्याला हात लावला नाही. हॅम लोक गेलेल्या माणसाला ‘चावी शांत झाली’ असं म्हणतात, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. इतकी वर्षं आपण वाट पाहायला लावली, आणि अगदी दारात येऊन, कडी हातात घेऊन उभे राहिलो तरी वाजवली नाही. तनुजांना विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं नाही, तोवर...

हे आपण पूर्वीही म्हणालो होतो, असं त्यांना आठवलं आणि ते जास्तच खचले.

रत्नमाला त्या दिवसांत धुण्यात गढून गेली होती. धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला होता. दसऱ्याच्या आधी शेजारच्या गल्लीतही घराघरांतून गोधड्या, सतरंज्या, पडदे बाहेर निघत होते. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तिनं एकदोनदा विचारलं, पण त्यांनी “काही नाही” म्हटलं. शेवटी तनुजाच एका सुट्टीच्या सकाळी आपणहून आल्या.

“काका, सगळे विचारतायत, ते हर्सूलचे नवीन हॅम कुठं आहेत? मी म्हटलं, येतील. पण अजून तुम्ही हवेत आलाच नाहीत?”

अप्पारावांनी सेटकडं बघितलं. मग म्हणाले, “मगदूम गेले वाटतं.”

“कुठं?”

“म्हणजे... गेले. ऐकू येत नाहीत. आठवडा होत आला.”

तनुजांचा चेहरा क्षणभर उतरला. त्या सेटपुढं बसल्या, काटा फिरवला. मगदुमांच्या जागी सळसळ. त्याच्या बाजूला सळसळ. वर गेल्या, खाली गेल्या, दुसऱ्या पट्ट्यावर गेल्या. सगळीकडं तीच सळसळ.

“काका, तुम्ही काटा हलवून बघितला का?”

“नाही. तिथंच ठेवला होता. म्हटलं, आले तर चुकायला नकोत.”

“मग बंगळूर पण गेलं,” तनुजा म्हणाल्या. “कोलकाता गेलं, भूज गेलं. एका आठवड्यात आख्खा देश गेला?” आणि त्या उठून गच्चीचा जिना चढायला लागल्या.

अप्पाराव गुडघे दुखतात म्हणून गच्चीवर फारसे जायचे नाहीत. आज ते मागोमाग चढले. वर तनुजा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. कठड्याकडच्या तारेवर, हाताला येईल त्या उंचीवर, धुण्याच्या त्या दिवशीच्या खेपेतल्या तीन ओल्या गोधड्या वाळत होत्या. एक निळी, एक ठिगळांची आणि एक थोरल्या लेकीच्या बाळंतपणातली. वजनानं तार गुडघ्यापर्यंत लोंबली होती, आणि वर पाइपाजवळ सांध्यातून सुटलेली केबल वाऱ्यावर आरामात झुलत होती.

“काकू!” तनुजांनी हाक मारली.

रत्नमाला बादली घेऊन वर आली. “काय झालं? ती निळी ओलीच हाय अजून, हात नका लावू.”

“काकू, ही एरियल आहे!”

“एरियल व्हय ती?” रत्नमालानं तारेकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. “माझी नायलॉनची दोरी तुटली म्हणून दोन महिने झाले सांगतेय. मला वाटलं, ह्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं माझं.”

“म्हणजे मगदूम...” अप्पारावांनी तनुजांकडं बघितलं.

तनुजांनी फोन काढून सकाळी आलेला, अजून न वाचलेला निरोप उघडून दाखवला. कुणीतरी त्यांच्या हॅम मंडळींत लिहिलं होतं, मिरजेचे आजोबा आज फार छान ऐकू आले, कवळी मात्र अजून बसवलेली नाही.

अप्पाराव टाकीच्या कडेला बसले. आधी त्यांना वाटलं आपण रडणार, पण आलं ते हसू. खांदे हलायला लागले, चष्मा काढावा लागला. रत्नमाला आधी घाबरली, मग तीही हसली. म्हातारा गेला नव्हता, गोधड्या धुतल्या गेल्या होत्या! आठवडाभर त्यांच्या छातीवर बसलेलं ओझं त्या तारेवर ठिबकत होतं.

“एक सांगू का काका?” तनुजा सांधा जोडता जोडता म्हणाल्या. “तुम्ही एकदा तरी चावी दाबली असती ना, तर सेटच्या मीटरनं लगेच सांगितलं असतं की वर काहीतरी तुटलंय. नुसतं ऐकणाऱ्याला ते कळत नाही.”

अप्पाराव हसायचे थांबले. “हो,” ते म्हणाले. “खरं आहे.”

दुपारी ते स्वतः शहागंजला गेले आणि बायकोसाठी चांगली जाड दोरी घेऊन आले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मगदूम हवेत होते. तोच संथ, झुलणारा हात. कुणी आहे का?

रत्नमाला दाराशी उभी होती. अप्पारावांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि चावीवर बोट ठेवलं. घसा मिटल्यासारखा झाला, पण घशाचं इथं काही काम नव्हतं. बोट खाली गेलं. आधी मगदुमांचं नाव, मग आपलं. आपलं ठोकताना मध्येच एक अक्षर चुकलं. चूक झाली की ओळीनं आठ टिकटिक करून पुन्हा सुरू करायचं असतं, तसं केलं. घामानं बोट निसटत होतं.

मग शांतता झाली. गोधड्यांची नव्हे, माणसाची. कुणीतरी ऐकतंय, हे कळणारी.

आणि अप्पारावांचं कॉलसाइन परत आलं. मिरजेहून, अक्षर न् अक्षर. पण किती हळू! हवेतली एक रीत आहे, की जो हळू ठोकतो त्याच्या गतीनं समोरच्यानं बोलायचं. पंचाऐंशीच्या म्हाताऱ्यानं न सांगता आपली चाल नवशिक्याच्या चालीला लावली होती. अप्पारावांनी डोळे मिटले. एक अक्षर सुटलं नाही.

सुप्रभात. आवाज चांगला येतो. नाव काय, गाव काय?

नाव सांगितलं. गाव सांगितलं. इथपर्यंतचं सगळं पुस्तकात होतं. पुढचं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. अप्पारावांनी तुटक तुटक, मोर्सच्या काटकसरीच्या इंग्रजीत ठोकलं, की त्र्याऐंशी साली तुमचं पत्र आलं होतं. पाचोडला. हवेत या म्हणाला होता. आलो. उशीर झाला, माफ करा.

म्हातारा आठवत असावा. मग टिकटिक सुरू झाली.

आठवत नाही, मगदुमांनी ठोकलं. तेव्हा पुष्कळांना अशी पत्रं लिहिली. ऐकणारे पुष्कळ होते.

अप्पारावांचा हात चावीवरून खाली आला. आठवतच नाही! म्हणजे इतकी वर्षं ते ज्या रागाला भीत होते, तो राग मिरजेत कुणाला कधी आलाच नव्हता. कुणी दारात उभं राहून त्यांची वाट पाहत नव्हतं. अंग एकदम हलकं झालं, आणि त्यात कुठंतरी थोडं रितंही वाटलं.

पण टिकटिक थांबली नव्हती.

त्यातलं कुणी आलं नाही, मगदूम ठोकत होते. तुम्ही पहिले. म्हशीचं कुणाला सांगत होतो मी?

अप्पारावांनी डोळे उघडले. म्हशीचा त्यांनी उल्लेखही केला नव्हता.

“काय म्हणतंय म्हातारं?” रत्नमालानं दारातून विचारलं.

“आठवलं,” अप्पाराव म्हणाले. “त्यांना आठवलं.” आणि मग, ज्या माणसाला उखाणा घेता आला नव्हता तो माणूस, बायको चहा घेऊन दोनदा येऊन गेली तरी मिरजेशी ठोकत बसला.

दुपारी त्यांनी तनुजांनी दिलेल्या कोऱ्या कार्डांतलं एक घेतलं. तारीख, वेळ, चाळीस मीटर, मोर्स, आवाजाची प्रत, सगळं वळणदार अक्षरात भरलं. शेवटी शेऱ्यासाठी एक ओळ मोकळी असते. तिथं काय लिहावं, यावर पूर्वी त्यांनी आठवडा घालवला असता. त्यांनी लिहिलं, ‘आपल्या पत्राचं उत्तर. म्हैस शेवटपर्यंत ऐकू आली होती.’ आणि पत्ता घातला, ‘श्री. बाळगोंडा मगदूम, वायरलेसवाले, मिरज’. खरा पत्ता आता त्यांना माहीत होता. तो त्यांनी खालच्या ओळीत घातला, पिनकोडसकट.

“येताना कोथिंबीर आणा,” गच्चीवरून, नव्या दोरीला चिमटे लावता लावता रत्नमाला ओरडली.

कोपऱ्यावर टपालाची पेटी होती. शाळेतून परतणारी पोरं तिला टेकून भेळ खात होती. “सरका जरा,” अप्पाराव म्हणाले, चांगलं मोठ्यानं, आणि पोरं सरकली. त्यांनी कार्ड आत टाकलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला.

आखूड. एकच टिक.